तान्ह्या बाळाची कार सीट: बसवायची कशी, तपासून घ्यायची कशी

कार सीट नीट बसली का हे बघायला बहुतेक जण तिची वरची कड धरून गदागदा हलवतात. आम्हीही तेच केलं होतं. मला आठवा महिना होता. नवऱ्याने आणि मी दुपारभर खटपट करून बेस (गाडीच्या सीटला बांधायचा खालचा भाग) बसवला, त्यावर सीट ठेवली, खट् असा आवाज आला आणि झालं एकदाचं म्हणून हात झटकले. आठवड्याने कार सीटच्या तपासणीला गेलो, तर तपासणाऱ्या ताईंनी वरच्या कडेला हातसुद्धा लावला नाही. सीट उचलून बाजूला ठेवली, बेसमधून गाडीचा सीटबेल्ट जिथून जातो नेमकं तिथे डाव्या हाताने धरलं आणि हलवलं. बेस चार बोटं सरकला. बेल्ट बरोबर खाचेतून नेलेला होता, बकलही लागलेलं होतं. फक्त तो बेल्ट कुठेच लॉक केलेला नव्हता.

तो 'खट्' आवाज एवढंच सांगतो की सीट बेसला अडकली. बेसने गाडीला घट्ट धरलंय का, हे हात घातल्याशिवाय कळत नाही.

आधी एक हिशोब, कारण तो डोक्यात बसला की पुढच्या कटकटीचा कंटाळा येत नाही. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. तेवढ्या वेगातली गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या साधारण १४ पट जोर येतो. पाच किलोचं बाळ त्या क्षणी ७० किलोचं होतं. मांडीवर कितीही घट्ट धरलं तरी ते हातात राहणार नाही. त्यात तान्ह्याचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं आणि मान कच्ची. म्हणून बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे ठेवायचं. समोरून धडक बसली की डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या कवचात दाबली जातात, मान एकटी झटका खात नाही. युरोपात चालणाऱ्या आर१२९ या नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत असंच बसवावं लागतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला त्याही पुढचा आहे: सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच ठेवा.

बसवण्याआधी

सीट उलटी करा आणि खालची, मागची लेबलं वाचा. कोणत्या मानकाला ती उतरली आहे (आर१२९ किंवा जुनं आर४४ असेल तर नारिंगी लेबल आणि गोलात 'ई' हे अक्षर, अमेरिकेतली असेल तर एफएमव्हीएसएस २१३), किती वजनापर्यंत किंवा किती उंचीपर्यंत चालते, कधी बनली आणि किती वर्षं वापरायची, हे तिथे किंवा पुस्तिकेत सापडतं. मुदत बऱ्याचदा ६ ते १० वर्षांची असते. प्लॅस्टिक उन्हातान्हात ठिसूळ होतं, लेबलं पुसली जातात, सुटे भाग मिळेनासे होतात.

वापरलेली सीट घ्यायला हरकत नाही, पण देणारा ओळखीचा हवा आणि ती कधी अपघातातून गेलेली नाही हे त्याने खात्रीने सांगायला हवं. कवचाच्या आत गेलेली बारीक चीर बाहेरून दिसत नाही. इतिहास माहीत नसलेली सीट फुकट मिळाली तरी नको.

मग दोन पुस्तिका समोर घ्या: सीटची आणि गाडीची. सीटची सगळे चाळतात, गाडीची डॅशबोर्डच्या कप्प्यातून बाहेरच निघत नाही. आपल्या गाडीत कोणत्या जागेवर कोणत्या प्रकारची सीट चालते, आयसोफिक्सच्या (बेल्टशिवाय सीट गाडीला अडकवायच्या सोयीच्या) कड्या नेमक्या कुठे आहेत, सीटबेल्ट कसा लॉक होतो, एअरबॅग कुठून उघडते, हे सगळं तिच्यातच असतं. मी ते पान आधी वाचलं असतं तर ते चार बोटांचं सरकणं झालंच नसतं.

जागा

मागची सीट. समोर चालू एअरबॅग असेल तर मागे तोंड असलेली सीट पुढे कधीच नाही. एअरबॅग फुगताना सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. यात 'हळूच चालवतो' वगैरे सवलत नाही.

मागच्या सीटवर मधली जागा दोन्ही दारांपासून लांब म्हणून चांगली मानतात, आणि आहेच. पण अनेक गाड्यांत मध्ये आयसोफिक्स नसतं, कुठे सीटला उंचवटा असतो, कुठे बेल्ट आखूड पडतो. ज्या जागेवर सीट घट्ट बसते आणि रोज न चुकता नीट वापरता येते, ती जागा घ्या. डाव्या आणि उजव्या जागेच्या आतल्या बाजूची एकेक कडी वापरून मध्ये सीट बसवण्याचा जुगाड मात्र करू नका. दोन्ही पुस्तिकांनी तशी स्पष्ट परवानगी दिली असेल तरच.

आयसोफिक्सने बसवताना

गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटं घाला. लोखंडी सळीच्या दोन कड्या लागतील, मध्यापासून मध्यापर्यंत २८ सेंटीमीटरवर. बेसचे दोन हात बाहेर काढा, कड्यांवर ढकला, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा खट् आवाज ऐका आणि बेसवरच्या छोट्या खिडक्यांमधला रंग लालचा हिरवा झाला का ते बघा. रंगावर थांबू नका. एकेक हात धरून मागे ओढा. एक बाजू लागून दुसरी नुसती टेकलेली राहणं ही नेहमीची चूक आहे, कारण गाडीत वाकलेल्या माणसाला पलीकडची खिडकी दिसतच नाही. मग बेस गुडघ्याने किंवा तळहाताने गाडीच्या सीटच्या पाठीकडे रेटून घ्या.

काही सीटना कडक हातांऐवजी आकडे लावलेला पट्टा असतो. तिथे आकडा अडकवल्यावर पट्ट्याचं टोक ओढून ढिलाई काढावी लागते. या पद्धतीला वजनाची मर्यादाही असते. बाळ आणि सीट मिळून किती चालेल ते लेबलवर बघा.

बेसला पुढे आधाराचा पाय असेल तर तो गाडीच्या फरशीवर पक्का टेकला पाहिजे, पण इतका लांब नको की बेस बैठकीवरून उचलला जाईल. काही गाड्यांत पाय ठेवायच्या जागेखाली सामानाचा झाकणवाला कप्पा असतो. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर त्या झाकणावर तो पाय टेकवायचा नाही; धडकेत झाकण खाली बसतं आणि आधार जातो.

सीटबेल्टने बसवताना

चुका सगळ्यात जास्त इथे होतात, म्हणून सावकाश.

तोंड मागे असलेल्या सीटवर बेल्ट कुठून न्यायचा हे दाखवणारे गाइड युरोपीय नियमांच्या सीटवर निळ्या रंगाचे असतात. लाल रंग तोंड पुढे करून बसवण्यासाठी. एकाच सीटवर दोन्ही असतील तर निळा धरा. बेल्टला कुठे पीळ नाही ना बघून तो खाचेतून न्या आणि बकल लावा.

आता तो लॉक कसा होतो ते शोधायचं. बऱ्याच गाड्यांचा बेल्ट फक्त जोरात हिसका बसल्यावर अडकतो, एरवी तो मोकळाच येत-जात राहतो. काही गाड्यांत वेगळी सोय असते: खांद्याचा भाग हळूहळू पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढायचा आणि मग आत जाऊ द्यायचा. जाताना टक-टक असा बारीक आवाज आला आणि मध्येच ओढून तो बाहेर येईनासा झाला की तो लॉक झाला. गाडीत ही सोय नसेल तर बऱ्याच बेसवरच बेल्ट चिमटीत धरणारं एक झाकण किंवा क्लिप असते. दोन्हींपैकी काय वापरायचं ते पुस्तिकेत असतं. आमच्या बेसवर ती क्लिप होती. आम्ही तिला वाहतुकीसाठी लावलेलं प्लॅस्टिक समजून उघडलीच नव्हती.

घट्ट करताना एक हात, किंवा कोपरापासूनचा सगळा भाग, बेसच्या मधोमध टेकून अंगाचं वजन द्या. दुसऱ्या हाताने खाचेजवळचा बेल्ट ओढून आधी कमरेकडची ढिलाई काढा, मग ती खांद्याच्या भागाकडे सरकवा, तिथून आत गुंडाळू द्या, आणि बेसवर क्लिप असेल तर ती मग लावा. दाबताना बेसच्या टोकावर नव्हे, मधोमध दाबा. टोकावर दाबलं की बेस तिरपा बसतो आणि हात काढला की परत वर येतो.

बकल बेसच्या कडेवर आडवं येऊन टेकलेलं असेल तर ते वाकतं, बेल्ट नीट आवळला जात नाही. अशा वेळी जागा बदला किंवा आयसोफिक्स वापरा. 'जास्त घट्ट' म्हणून आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही लावायचे नाहीत, पुस्तिकेत तसं लिहिलं नसेल तर. सीट तशी चाचणीत बसवलेलीच नसते.

आता तो हात

बेल्ट किंवा आयसोफिक्सचा हात बेसला जिथे मिळतो तिथे धरा, आणि नेहमीच्या कामाचा हात वापरू नका. उजवखोऱ्यांनी डावा. उजव्या हातात इतका जोर असतो की चांगली बसलेली सीटही हलते. हस्तांदोलन करताना लावतो तेवढ्या जोराने डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी सरकली तर ठीक. जास्त सरकली तर सोडून पुन्हा बांधा. वरून दाबून उपयोग नाही.

सीटची वरची कड, बाळाच्या डोक्याकडची, थोडी हलणारच. ती तिथे बांधलेलीच नसते. तिच्या हलण्याने घाबरू नका आणि तिच्या न हलण्याने निर्धास्तही होऊ नका.

कोन

गाडी सपाट जमिनीवर लावा, उतारावर बघितलेला कोन खोटा असतो. बेसवर बुडबुडा, रेघ किंवा रंगीत पट्टी असते. नवजात बाळासाठी सीट पुरेशी रेलली पाहिजे, नाहीतर झोपेत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिमटते. पण उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या फार पुढे रेलली तर धडकेत बाळ खांद्याकडून वर सरकू शकतं. कोन जमत नसेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल तर घट्ट गुंडाळलेला टॉवेल बेसखाली, गाडीच्या सीटच्या घडीत ठेवतात. टॉवेल ठेवल्यावर बेल्ट पुन्हा आवळायचा आणि हाताची चाचणी पुन्हा करायची, हे विसरलं जातं. उचलायचं हँडल प्रवासात कुठे ठेवायचं हेही सीटनुसार बदलतं. काहींत ते उभंच ठेवावं लागतं, कारण गाडी उलटली तर ते आधार देतं.

बाळ सीटमध्ये बसवताना

बेस एकदा बसतो, हार्नेस (बाळाला सीटमध्ये बांधणारे पट्टे) मात्र रोज बांधावा लागतो. मोठ्यांच्या मायेची परीक्षाही इथेच होते. "अगं, आवळलंय किती बिचारीला, सैल कर जरा," हे वाक्य माझ्या सासूबाईंनी पहिल्याच प्रवासात उच्चारलं आणि मी खरंच थोडं सैल केलं होतं. करायला नको होतं.

बाळाची पाठ आणि बूड सीटला पूर्ण टेकवा, कुबड काढून बसलेलं नको. तोंड मागे असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खालून आले पाहिजेत, वरून नाही. सीट पाठमोरी करून पट्टे मागच्या पट्टीला दोन्हीकडे सारख्याच खाचेत अडकले आहेत का तेही बघा. एक वर आणि एक खाली असं होतं आणि समोरून कळत नाही. बकल लावा, आधी कमरेकडची ढिलाई वर ओढा, मग पायाकडचं टोक ओढून आवळा.

आता चिमूट. बाळाच्या गळ्याखालच्या हाडाजवळ (कॉलरबोन) पट्ट्याची उभी घडी अंगठा आणि तर्जनीत पकडायचा प्रयत्न करा. बोटं निसटली तर पुरेसं घट्ट. पट्ट्याची वळी चिमटीत आली तर अजून आवळा. छातीवर क्लिप असेल (सगळ्या सीटना नसते) तर ती काखेच्या रेषेत. पोटावर आली तर खांद्याचे पट्टे फाकतात.

जाड जॅकेट, फुगीर झबलं, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, यातलं काहीही पट्ट्याच्या आत नको. धडकेत कापडातली हवा दबते आणि तेवढी ढिलाई तयार होते. पटत नसेल तर जॅकेट घालून पट्टे आवळा, बाळाला काढा, जॅकेट उतरवा आणि पट्ट्यांना हात न लावता परत बसवा. मधे किती जागा राहते ते तुमच्याच डोळ्यांना दिसेल. थंडी असेल तर पट्टे आवळून झाल्यावर वरून पांघरूण घाला, चेहरा मोकळा ठेवून.

डोकं एका बाजूला कलंडत असेल तर दोन्ही बाजूंना कापडाची छोटी सुरळी चालते. डोक्यामागे किंवा पाठीखाली काही घालायचं नाही. सीटसोबत न आलेल्या उशा, पट्ट्यांची जाडी कव्हरं, मानेचे आधार यांची चाचणी त्या सीटबरोबर झालेली नसते. मी तरी सगळं परत केलं.

३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळाला अर्धवट बसलेल्या स्थितीत श्वासाचा त्रास होऊ शकतो. अनेक रुग्णालयांत घरी सोडण्याआधी अशा बाळाला त्याच्याच सीटमध्ये दीड-दोन तास बसवून ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके बघतात. आपल्या डॉक्टरांना याबद्दल आवर्जून विचारा. आणि कुठल्याही तान्ह्यासाठी ही सीट म्हणजे पाळणा नाही. पोचलात की झोपलेलं असलं तरी उचलून सपाट जागी ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त प्रवास शक्यतो नको, पुढेही दोन तासांच्या आत थांबा घ्या. घरात सीट टेबलावर किंवा पलंगावर ठेवू नका, आणि पट्टे अर्धवट सोडून बाळाला आत ठेवू नका. सैल पट्टा गळ्याशी येतो.

तपासणी

अमेरिकेत यासाठी प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ असतात. सेफ किड्स वर्ल्डवाइड ही संस्था त्यांना प्रमाणपत्र देते, ते ठरावीक काळाने नव्याने मिळवावं लागतं, आणि जवळचं तपासणी केंद्र शोधायची सोय तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर आहे. इतरही काही देशांत अशी केंद्रं किंवा शिबिरं चालतात, काही तंत्रज्ञ व्हिडिओ कॉलवरही बघतात. रुग्णालयातल्या नर्सला किंवा सीट विकणाऱ्याला हे येतंच असं नाही. 'तुम्ही याचं प्रशिक्षण घेतलंय का?' असं सरळ विचारा, त्यात राग येण्यासारखं काही नाही.

बाळंतपणाच्या तारखेआधी महिनाभर वेळ घ्या, बाळ लवकर यायचं ठरवू शकतं. सीट स्वतः बसवून न्या, कितीही वेडीवाकडी असली तरी. चूक दिसली तरच सांगता येते. दोन्ही पुस्तिका, सीटसोबत आलेले सगळे सुटे भाग आणि उत्पादनाची नोंदणी करायचं कार्ड घ्या. रोज गाडी चालवणारे आणि बाळाला ने-आण करणारे सगळे बरोबर हवेत.

आमची तपासणी तासाभराची झाली. त्यातली पहिली दहा मिनिटं ताई नुसत्या लेबलं आणि पुस्तिका वाचत होत्या. मग त्यांनी आमचा बेस पूर्ण सोडून आमच्या हातात दिला. त्या सांगत होत्या, बांधत नवरा होता, मग ते सोडून मी बांधलं. शेवटी एक बाहुली देऊन हार्नेस लावायला लावला. त्यांनी स्वतः एकदाही बेल्ट आवळला नाही. चांगल्या तपासणीची हीच खूण. कुणी पाच मिनिटांत तुमच्या हातातून घेऊन घट्ट करून दिलं, तर पुढच्या वेळी बेस काढावा लागला की तुम्ही पुन्हा तिथेच.

अशी सोय जवळ नसेल तर एकाने पुस्तिका मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने तेवढंच करायचं. मग अदलाबदल. आपण आपलीच चूक बघू शकत नाही, पण दुसऱ्याची पटकन दिसते.

नंतर

बेस आठवड्यातून एकदा हाताने हलवून बघा. गाडी धुताना, मागची सीट पाडून सामान भरताना तो सैल होतो. हार्नेसची उंची महिन्यातून एकदा, कारण बाळं रात्रीतून वाढतात. डोक्याच्या वर कवच अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उरलं, किंवा पुस्तिकेतली उंची वा वजन यातलं काही एक गाठलं, की ही सीट संपली. पाय गाडीच्या सीटच्या पाठीला लागतात म्हणून ती लहान झाली असं नाही, बाळं पाय दुमडून मजेत बसतात.

पट्टे मशीनमध्ये धुऊ नका, भिजतही घालू नका. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा गेला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुवा, तेल सोडू नका. कंपनीकडे नोंदणी केली असेल तर काही दोष निघाल्यास कळवतात.

मध्यम किंवा मोठा अपघात झाला तर बाळ आत नसलं तरी सीट बदलायची. किरकोळ धक्क्यानंतर काय करायचं ते पुस्तिकेत असतं आणि काही कंपन्या तेव्हाही बदलायलाच सांगतात. बाद झालेली सीट कचऱ्यात टाकताना पट्टे कात्रीने कापा, कव्हर काढा आणि कवचावर जाड मार्करने 'वापरू नये' असं लिहा, म्हणजे ती उचलून दुसरं कुणी आपल्या बाळाला त्यात बसवणार नाही.